राज्याचें विसर्जन मागणारा नेता

राजकीय पुढाऱ्याची योग्यता बहुधा त्यानें मिळविलेल्या अधिकारावरून ठरविली जाते. कोणतीं पदें भूषविलीं, किती निवडणुका जिंकल्या, कोणते कायदे संमत करून घेतले, असे प्रश्न विचारून चरित्रकार आपला हिशेब पुरा करतो. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या चरित्राला हें माप लावूं गेल्यास तें अपुरें पडतें. निजामी राजवटीविरुद्ध हैदराबाद संस्थानांतील प्रजेनें जो लढा दिला त्याचे ते प्रमुख नेते होते. परंतु लढा यशस्वी झाल्यावर त्यांनीं मंत्रिपद घेतलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर जें राज्य आपल्या सहकाऱ्यांच्या हातीं आलें तें राज्यच नकाशावरून नाहींसें व्हावें, ही मागणी त्यांनीं पुढें कित्येक वर्षें लावून धरली. आपल्या कर्तृत्वाचें क्षेत्रच मोडून टाका, असें म्हणणारा नेता विरळा. हा विचार त्यांच्या मनांत कोठें रुजला याचा शोध घेऊं लागल्यास धाराशिव जिल्ह्यांतील हिप्परगा या लहानशा गांवापर्यंत जावें लागतें.

प्रांताभिमानाचें राजकारण जगांत सर्वत्र आढळतें. स्कॉटलंड व इंग्लंड यांचीं पार्लमेंटें १७०७ सालीं एक झालीं. तरी स्कॉटलंडचा कायदा, धर्मपीठ व शिक्षणपद्धति हीं निराळींच राहिलीं, आणि जवळजवळ तीन शतकांनंतर, १९९९ सालीं, एडिंबरो येथें स्कॉटलंडचें विधिमंडळ पुन्हां भरूं लागलें. तेथील प्रांतिक पुढारी आपल्या प्रांताचें वेगळेपण जपतो व त्या वेगळेपणावरच त्याचें राजकारण उभें राहतें. हैदराबाद संस्थानाची गोष्ट याच्या अगदीं उलट होती. त्याच्या सीमा लोकांनीं आंखलेल्या नव्हत्या. त्या तलवारीनें व तहनाम्यांनीं ठरल्या होत्या. त्या सीमेच्या आंत तीन निरनिराळ्या प्रांतांचे तुकडे एकत्र बांधले गेले होते. अशा राज्यांत लोकसत्ता आणावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें, हा स्वामीजींच्या आयुष्याचा मुख्य प्रश्न होता.

हैदराबाद हें हिंदुस्थानांतील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकीं एक. त्याचें क्षेत्रफळ ८२,००० चौरस मैलांहून अधिक, व १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणें लोकसंख्या सुमारें १ कोटि ६३ लक्ष होती. त्याच्या सोळा जिल्ह्यांपैकीं आठ तेलुगु, पांच मराठी व तीन कानडी. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड व उस्मानाबाद हे ते पांच मराठी जिल्हे होत. आजच्या धाराशिव जिल्ह्याचें नांव त्या काळीं उस्मानाबाद असें होतें व लातूरही त्यांतच मोडत असे. १९८२ सालीं लातूर वेगळें झालें आणि २०२३ सालीं धाराशिव हें जुनें नांव पुन्हां अधिकृत ठरलें. या सर्व प्रदेशाचा राज्यकारभार मात्र उर्दूंत चाले. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षणाचें माध्यमही उर्दूच होतें. खेड्यांतील कुणब्याला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचावयास दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागे. सभा भरविण्यावर निर्बंध घालणारी ‘गश्ती निशाण ५३’ ही प्रसिद्धच आहे. आणि खाजगी शाळा काढावयाची तरी सरकारची परवानगी लागत असे. ज्या राज्यांत शाळा काढणें हेंच संशयास्पद कृत्य ठरतें, तेथें शाळामास्तर हा आपोआपच राजकारणी होतो, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

स्वामीजींचें मूळचें नांव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजीं विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी येथें झाला. घरची भाषा मराठी, भोंवतालचा मुलूख कानडी. शालेय शिक्षणासाठीं ते सोलापुरास राहिले. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हां या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यानें अविवाहित राहून देशकार्यास आयुष्य वाहण्याचा निश्चय केला. असहकाराच्या लाटेंत त्यांनीं सरकारी शाळा सोडली. पुढील शिक्षण अमळनेर येथें व नंतर पुण्यास टिळक महाराष्ट्र विद्यापीठांत झालें. त्यानंतर ना. म. जोशी यांच्या हाताखालीं त्यांनीं कामगार चळवळींत कांहीं काळ काम केलें. टिळकांपासून त्याग, राष्ट्रीय शिक्षणापासून स्वभाषेचें मोल आणि कामगार चळवळीपासून संघटनेची शिस्त, असे तीन संस्कार घेऊन हा तरुण १९२९ सालीं हिप्परग्यास आला.

हिप्परगा हें गांव आजच्या लोहारा तालुक्यांत आहे. सोलापूर जिल्हा म्हणजे त्या वेळचा इंग्रजी मुलूख, आणि तो येथून फारसा दूर नव्हता. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट इंग्रजी हद्दींतून निघून लातुरापर्यंत येत असे. सरहद्दीच्या पलीकडे वर्तमानपत्रें निघत, सभा होत, सत्याग्रह चालत. अलीकडे यांतील कांहींच नव्हतें. पलीकडचा वारा अलीकडच्या खेड्यांपर्यंत पोंचविण्याचें काम अशा सरहद्दीवरच्या ठिकाणांनींच केलें. व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांच्या पुढाकारानें १९२१ सालीं हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली होती. असहकाराच्या काळांत देशभर अशा शाळा निघाल्या आणि चळवळीचा भर ओसरतांच त्यांतील कित्येक बंदही पडल्या. हिप्परग्याची शाळा टिकून राहिली, हें त्या गांवचें वैशिष्ट्य म्हटलें पाहिजे.

व्यंकटेश खेडगीकर या शाळेचे मुख्याध्यापक झाले. पुढें मराठवाड्याच्या राजकारणांत ख्याति पावलेले बाबासाहेब परांजपे हेही येथलेच एक शिक्षक. मराठींतून शिकविणें, खादी वापरणें, आणि देशांत काय चाललें आहे याचें ज्ञान विद्यार्थ्यांना देणें, एवढाच या शाळेचा उपक्रम होता. वरवर पाहतां त्यांत राज्य उलथविण्याजोगें कांहींच नव्हतें. परंतु स्वतःच्या भाषेंत विचार करावयास शिकलेला मुलगा उद्यां तहसिलींत जाऊन स्वतःच्या भाषेंत प्रश्न विचारणार, हें निजामी अधिकाऱ्यांना ठाऊक होतें, आणि शिक्षकांनाही ठाऊक होतें. भाषेचा प्रश्न व स्वातंत्र्याचा प्रश्न हे दोन नसून एकच आहेत, हा स्वामीजींच्या पुढील राजकारणाचा सिद्धांत कोणत्याही ग्रंथांतून आलेला नव्हता. तो हिप्परग्याच्या वर्गांतून आलेला होता.

हिप्परग्यास असतांनाच १९३२ सालीं त्यांनीं संन्यासदीक्षा घेतली व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेणारा पुरुष सामान्यतः संसाराबरोबर सार्वजनिक उपाधींनाही रामराम ठोकतो. स्वामीजींनीं घर सोडलें, परंतु लोकांमधील काम सोडलें नाहीं. भगव्या वस्त्राचा एक व्यावहारिक परिणाम असा झाला कीं, खेड्यांतील ज्या माणसाला काँग्रेस हा शब्दही परका होता त्याच्या घरीं स्वामीजींना सहज प्रवेश मिळूं लागला. पुढें पदांचा प्रश्न आला तेव्हां या वस्त्रानें त्यांच्यावर एक बंधनही घातलें. संन्याशानें सत्ता मागावयाची नसते. त्यानें ती इतरांना मिळवून द्यावयाची असते.

१९३५ सालीं ते मोमिनाबाद, म्हणजे आजचें अंबाजोगाई, येथें गेले व तेथील योगेश्वरी नूतन विद्यालयाचें काम पाहूं लागले. शाळेभोंवतीं कार्यकर्त्यांचें मंडळ जमविण्याचा हिप्परग्याचाच क्रम येथें अधिक विस्तारानें चालला. याच सुमारास संस्थानांतील तिन्ही भाषाविभागांत जागृतीच्या संस्था उभ्या राहत होत्या. तेलुगु भागांत आंध्र महासभेचें काम आधींपासून सुरू झालेलें होतें. मराठी भागांत महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूर येथें गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. कानडी भागांतही अशीच परिषद निघाली. महाराष्ट्र परिषदेचें दुसरें अधिवेशन १९३८ सालीं लातूर येथें झालें. लातूर त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांतच होतें. तेथें परिषदेचा कारभार मुख्यतः स्वामीजींच्या हातीं आला. प्रागतिकांचे अर्जविनंत्यांचे दिवस मागें पडले व कार्यकर्त्यांचे दिवस सुरू झाले.

तिन्ही विभागांना एकत्र आणणारी हैदराबाद स्टेट काँग्रेस त्याच वर्षीं स्थापन व्हावयाची होती. तिचा जन्म होण्यापूर्वींच, सप्टेंबर १९३८ मध्यें, अकबर हैदरी यांच्या सरकारनें तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्यें सत्याग्रह सुरू झाला व स्वामीजी तुरुंगांत गेले. त्याच वेळीं आर्य समाज व हिंदु महासभा यांचाही निराळा सत्याग्रह चालला होता. स्टेट काँग्रेसच्या लढ्याला धार्मिक रंग चढूं नये म्हणून गांधीजींच्या सल्ल्यानें डिसेंबरमध्यें हा सत्याग्रह थांबविण्यांत आला. पुष्कळ कार्यकर्त्यांना ही माघार रुचली नाहीं. परंतु राजा मुसलमान व बहुसंख्य प्रजा हिंदु अशा संस्थानांत लोकसत्तेची मागणी ही धर्माची मागणी नव्हे, हें स्पष्ट राखणें अवश्य होतें. स्वामीजींनीं तें बंधन मानलें. १९४० सालीं गांधीजींच्या अनुमतीनें त्यांनीं वैयक्तिक सत्याग्रह केला, आणि १९४२ च्या ऑगस्टमध्यें मुंबईच्या अधिवेशनाहून परततांच त्यांना पुन्हां अटक झाली.

स्टेट काँग्रेसवरील बंदी जुलै १९४६ मध्यें उठली. त्यानंतर झालेल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकींत स्वामीजींनीं बी. रामकृष्णराव यांचा थोड्या मतांनीं पराभव केला. ही केवळ दोन व्यक्तींमधील चुरस नव्हती. निजामाशीं वाटाघाटी करून टप्प्याटप्प्यानें सुधारणा मिळवाव्यात असें मानणारा एक पक्ष होता, आणि संपूर्ण जबाबदार राज्यपद्धतीवांचून तडजोड नाहीं असें म्हणणारा दुसरा. जून १९४७ मध्यें निजाम मीर उस्मान अलीखान यांनीं फर्मान काढून, इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहणार असें जाहीर केलें. त्याच महिन्यांत हैदराबादेस मुशीराबाद येथें स्वामीजींच्या अध्यक्षतेखालीं स्टेट काँग्रेसचें पहिलें खुलें अधिवेशन भरलें आणि संस्थान हिंदी संघराज्यांत सामील झालेंच पाहिजे, असा निर्धार तेथें व्यक्त झाला. ७ ऑगस्ट हा दिवस सामीलीकरणाचा दिन म्हणून पाळण्यांत आला. १५ ऑगस्ट रोजीं सारा देश स्वातंत्र्याचा सोहळा करीत असतां स्वामीजी हैदराबादेंत गजाआड झाले. नोव्हेंबरच्या जैसे थे करारानंतर ते सुटले; जानेवारी १९४८ मध्यें पुन्हां पकडले गेले, ते संस्थान पडेपर्यंत बाहेर आले नाहींत.

मधल्या काळांत लढ्याचें स्वरूप पालटलें. कासीम रझवी यांच्या रझाकारांनीं खेडीं लुटलीं व जाळलीं, तेव्हां सोलापूर, बार्शी वगैरे इंग्रजांच्या जुन्या हद्दींतून सरहद्दीवर कार्यकर्त्यांचीं केंद्रें निघालीं व त्यांनीं शस्त्रें हातीं घेतलीं. दिगंबरराव बिंदु यांच्या अध्यक्षतेखालील कृतिसमिति हें काम पाहत होती. उस्मानाबादेंत फुलचंद गांधी यांच्यासारखे पुढारी या काळांत पुढें आले. गांधीजींचा अनुयायी असलेल्या संन्याशाच्या नेतृत्वाखालील संघटनेनें बंदूक उचलावी, ही विसंगति खरी. परंतु निःशस्त्र खेड्याच्या रक्षणाचा प्रश्न त्या वेळीं दारांत येऊन उभा होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या अधिपत्याखालील हिंदी सैन्याची मुख्य तुकडी सोलापुराहून निघाली व तिनें त्याच दिवशीं नळदुर्ग येथील बोरी नदीवरचा पूल ताब्यांत घेतला. हैदराबादचा रस्ता धाराशिव जिल्ह्यांतून उघडला. १७ सप्टेंबर रोजीं निजामानें शरणागति पत्करली.

या विजयाची दुसरी बाजूही इतिहासानें सांगितली पाहिजे. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड पुष्कळ ठिकाणीं निरपराध मुसलमान कुटुंबांवर उगविला गेला. भारत सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळानें उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांस सर्वाधिक झळ पोंचल्याचें नमूद केलें आणि एकंदर मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार असावी, असा अंदाज दिला. तो अहवाल अनेक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं. ज्या लढ्याला धार्मिक रंग लागूं नये म्हणून १९३८ सालीं चाललेला सत्याग्रह मागें घेतला गेला, त्या लढ्याच्या शेवटीं त्याच जिल्ह्यांत असें घडावें, हें त्या विजयावरील मोठें ऋण होय.

आतां सत्तेचा प्रश्न आला. प्रथम लष्करी राज्यपाल, नंतर वेल्लोडी यांचें सरकार आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बी. रामकृष्णराव यांचें मंत्रिमंडळ, असा क्रम लागला. फुलचंद गांधी त्या मंत्रिमंडळांत होते. स्वामीजींचे जिवलग सहकारी मात्र पांगले होते. गोविंदभाई श्रॉफ व त्यांचे डावे सोबती काँग्रेसमधून बाहेर पडले होते; बाबासाहेब परांजपे १९५२ सालीं विरोधी पक्षातर्फे बीडहून लोकसभेवर निवडून आले. स्वामीजी काँग्रेसमध्यें राहिले व गुलबर्ग्याहून लोकसभेंत गेले. आणि राज्याचा राजप्रमुख कोण, तर निजाम मीर उस्मान अलीखान! राजवट गेली होती, पण तिचा सांगाडा तसाच उभा होता.

स्वामीजींचें म्हणणें असें होतें कीं, हा सांगाडा मोडल्याशिवाय लोकसत्ता खेड्यापर्यंत पोंचणार नाहीं. तीन भाषांच्या राज्याचा कारभार तिन्ही भाषांत चालविणें कठीण. म्हणून तो पुन्हां एखाद्या वरच्या भाषेंत चालेल, आणि कुणबी होता तेथेंच राहील. तेलुगु भाग आंध्राला, कानडी भाग कर्नाटकाला व मराठी भाग महाराष्ट्राला मिळावा, अशी त्यांची स्पष्ट मागणी होती. पंडित नेहरूंना हैदराबादच्या संमिश्र संस्कृतीची अशी मोडतोड आरंभीं पसंत नव्हती. हैदराबादेंतील ज्यांना राज्य टिकलें तर पदें टिकणार होतीं, त्यांनाही ती पसंत नव्हती. १९५५ च्या राज्यपुनर्रचना मंडळाच्या अहवालानेंही अर्धीच वाट धरली: मराठवाडा मुंबई राज्याला जोडावा, परंतु तेलंगण कांहीं काळ हैदराबाद या नांवानें वेगळेंच ठेवावें. स्वामीजींनीं संपूर्ण विसर्जनाचा आग्रह सोडला नाहीं. अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्य संपलें. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला.

या विसर्जनाचा पहिला फटका स्वामीजींनाच बसला. ज्या गुलबर्ग्यानें त्यांना लोकसभेंत पाठविलें होतें तें म्हैसूर राज्यांत गेलें. १९५७ सालीं ते औरंगाबादेहून निवडून आले. पण ज्या तिहेरी संघटनेचे ते नेते होते ती संघटनाच आतां उरली नव्हती. यानंतर ते सत्तेच्या राजकारणापासून हळूहळू दूर झाले. १९६७ सालीं त्यांनीं हैदराबादच्या मुक्तिलढ्याच्या आठवणी इंग्रजींत प्रसिद्ध केल्या, आणि २२ जानेवारी १९७२ रोजीं हैदराबाद येथें त्यांचा देहांत झाला. मराठवाड्याला महाराष्ट्रांत पोंचविणारा हा पुरुष स्वतः मात्र त्या जुन्या राजधानींतच राहिला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याचा विरोध राज्याच्या सांगाड्याला होता; तेथील तेलुगु, कानडी अथवा उर्दू बोलणाऱ्या माणसाला नव्हता.

त्यांच्या निर्णयाचा हिशेब करतांना एक गोष्ट टाळतां येत नाहीं. मराठवाडा महाराष्ट्रांत आला तो बिनशर्त. भाषा मिळाली, म्हणजे पाणी, रस्ते व कारखाने आपोआप मिळाले असें झालें नाहीं. १९७४ सालीं मराठवाड्याच्या विकासासाठीं जें आंदोलन पेटलें त्याचें नेतृत्व स्वामीजींचेच जुने सहकारी गोविंदभाई श्रॉफ यांनीं केलें. १९८४ सालीं दांडेकर समितीनें विभागांचा अनुशेष मोजला व १९९४ सालीं वैधानिक विकास मंडळें निघालीं. धाराशिव जिल्ह्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला अवर्षणाशीं झगडा अजून करावाच लागतो. स्वामीजींनीं अटी घालावयास हव्या होत्या, असें म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नव्हे.

परंतु त्याच शेतकऱ्याला आज तहसिलींत जाऊन अर्ज स्वतःच्या भाषेंत लिहितां येतो, जाब स्वतःच्या भाषेंत विचारतां येतो व उत्तर न मिळाल्यास मत देऊन प्रतिनिधि बदलतां येतो. अनुशेषाचें गाऱ्हाणें मराठींत मांडण्याची सोय ज्या निर्णयानें झाली, तो निर्णय त्या गाऱ्हाण्याच्याही आधींचा व त्याहून मोठा आहे. नांदेडचें विद्यापीठ आज स्वामी रामानंद तीर्थ यांचें नांव धारण करितें, अंबाजोगाईचें वैद्यकीय महाविद्यालयही करितें. त्यांच्या कार्याची खरी खूण मात्र याहून साधी आहे. हिप्परग्याच्या शाळेंत जें शिकविणें एके काळीं संशयास्पद होतें, तें आज धाराशिव जिल्ह्यांतील प्रत्येक शाळेंत, कोणाच्याही परवानगीवांचून, रोज शिकविलें जातें.